विठ्ठल नावाचा शिपाई

मुळगावच्या गंगाकडे कुणी "तुमचे मालक?" असं विचारलं, की ती ताठ होऊन सांगायची, "पलटणीत आसत." ऐकणाऱ्याने मनात हिशेब करायचा. महायुद्ध संपून चाळीस वर्षं उलटली, पोर्तुगीज गेले, आता तर गोवा राज्यही झालं, आणि हिचा नवरा अजून पलटणीतच! पण तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. बारा वर्षं झाल्यावर भावकीतले लोक पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळू या, म्हणजे गतीला लागेल बिचारा, असं सांगायला आले होते. तिने चुलीतलं जळतं लाकूड घेऊन त्यांना अंगणाच्या वईपर्यंत पिटाळलं. तेव्हापासून तिचं कुंकू हा विषयच गावाने सोडून दिला.

मंगेश तिचा एकुलता एक. बाप भरतीला गेला तेव्हा हा पोटात. मोठा होऊन खाणीवरच्या ट्रकवर ड्रायव्हर झाला, अंगाखांद्यावर तांबडी धूळ घेऊन घरी यायचा. बाप म्हणजे त्याच्यासाठी आईच्या कपाळावरचा ठसठशीत टिळा, बस्स. त्यापलीकडे त्याला फारसं ठाऊक नव्हतं आणि खरं सांगायचं तर हवंही नव्हतं.

पण त्या पावसाळ्यात गंगाने अंथरूण धरलं. दम लागे, पाय सुजले. डॉक्टरने मंगेशला बाहेर नेऊन हळू आवाजात काय ते सांगितलं. गंगाला कुणी काही सांगितलं नाही, पण ती काय दूधखुळी होती? तिने मंगेशला जवळ बोलावलं.

"बेळगावाक जा. बापाशीचो ठावठिकाणो काढ. माका हिरव्या लुगड्यात न्हेतलास काय पांढऱ्या, ता माका कळाक होया."

तिचं माहेर पेडण्याचं, बोलणं असं धारेचं. मंगेशने दोन दिवस टाळाटाळ केली. मग बायको दीपाच बोलली, "जाऊन या. नंतर आयुष्यभर मनाला खात बसाल."

तो गेला. पलटणीच्या कचेरीत केरबा म्हणून कोल्हापूरकडचा वयस्क कारकून होता. माणूस भला. त्याने चहा पाजला, धूळ खात पडलेली जाडजूड बाडं काढली, बोट फिरवत फिरवत पानं उलटली. मुळगावचा विठ्ठल कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. नाही.

"विठ्ठल नावाचा शिपाई गोव्यातून आमच्याकडं नाहीच बघा," केरबा चष्मा पुसत म्हणाला. मग विचारलं, "वडिलांचं आजोळ कुठलं?"

"सातार्ड्याच्या पलीकडे. वाडी संस्थानात."

"मग तिकडं जावा आधी. तुमच्याकडची पोरं त्या काळी पोर्तुगालची रयत, इंग्रज घ्यायचे नाहीत. भरतीला आली की मामाचं गाव लावायची, मामाचं आडनाव लावायची. नाव कुठलं लावलं ते आजोळलाच माहीत असणार."

 बापाच्या आजोळशी मंगेशच्या घराचं जाणंयेणं कधीच तुटलं होतं. का तुटलं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

बापाच्या मामाचा धाकटा मुलगा पांडुरंग आता सत्तरीला आला होता. मंगेशने बापाचं नाव सांगताच त्याने ओसरीवर घोंगडी अंथरली.

"येवचो होतोस, ठाऊक होतां," तो म्हणाला. "इतकी वर्सां लावलीस रे."

मग सगळं बाहेर आलं. पांडुरंगाचा थोरला भाऊ बाबुराव शाळेत असतानाच तापाने गेलेला. त्याचा शाळेचा दाखला घरात होता. मामाने तोच विठ्ठलाच्या हातात दिला आणि विठ्ठल बाबुराव होऊन भरती झाला. वर्षाने तार आली, तीही बाबुरावाच्या नावाने. इटलीत लढाईत पडला. मामाने तार वाचली आणि तोंडाला कुलूप लावलं. खोट्या दाखल्यापायी सरकार धरील ही एक भीती, आणि गंगाला सांगायचं कुठल्या तोंडाने? भरतीला आपणच धाडला होता. ओली बाळंतीण आहे, मूल जरा मोठं होऊ दे, असं म्हणता म्हणता मामाच मेला.

"सांगूक कोण गेलां नाय," पांडुरंग डोळे पुसत म्हणाला. "पण बाबुरावाच्या श्राद्धाक आम्ही एक पिंड अधिक ठेवतांव. नाव घेऊक येणा नाय. भटाक काय सांगतलंव?"

 मंगेशला मामाचा राग आला, बापाचा आला, आणि रागाला तर आता धरायला माणूसच शिल्लक नव्हता. तो पुन्हा बेळगावला गेला. केरबाने बाड काढलं आणि पहिल्याच फेरीत बाबुराव सापडला. आजोळचं गाव, मामाचं नाव बाप म्हणून, आणि मरणाची तारीख. केरबाने ती कागदावर उतरवून दिली आणि उगाचच मंगेशच्या पाठीवर हात ठेवला.

घरी आल्यावर त्याने आईला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. दीपा दाराशी पदर तोंडात धरून रडत होती. गंगा मात्र डोळे मिटून ऐकत राहिली.

"कागदार नाव कोणाचा?" तिने विचारलं.

"बाबुराव. पण आई, तो बाबुराव म्हणजेच..."

"बाबुराव मेलो. मेलो तर मेलो, देव बरां करूं त्याचां. माझ्या घोवाचां नाव विठ्ठल. विठ्ठल मेलो म्हणून खंय लिवलां हा?"

"कुठेच नाही."

"मगे?"

मंगेशने देवाची शपथ घातली, देवीची घातली. ती हटेना. दम लागून ओठ निळे पडायला लागले तेव्हा दीपाने त्याला हाताला धरून बाजूला ओढलं. थोड्या वेळाने गंगाच बोलली, अगदी मऊ आवाजात, लहान पोराला सांगावं तशी. "चुकीच्या मनशाक सोधून इलंस रे. परत जा. विठ्ठल म्हणून इचार."

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. बापाची तिथी आता हातात होती, पण सवाष्ण आईच्या डोळ्यांदेखत बापाचं पान वाढणार कसं? वाढावं तर आईचं कुंकू पुसायचं, न वाढावं तर बाप तसाच तहानलेला. मंगेश पहाटेच बेळगावला जातो म्हणून पिशवी घेऊन निघाला. वाटेतल्या साखळी गावाला बसमधून उतरला आणि दिवसभर स्टँडवरच्या बाकावर बसून राहिला. बेळगावच्या गाड्या आल्या, गेल्या. पोटात भूक नव्हती. दिवेलागणीला तो घरी परतला.

"गावलो?" गंगाने विचारलं.

"साहेब रजेवर आहेत, आई. पुढच्या महिन्यात बोलावलंय."

गंगाचा चेहरा उजळला. "रजेर गेल्लो मनीस परत येताच," ती म्हणाली, आणि दीपाकडे कुंकवाचा करंडा मागितला. आरसा मंगेशने धरला.