आत्याचा दिल्लीचा फॉर्म

आत्या काल गेली आणि आज सकाळपासून आमचं अख्खं खानदान खोटं बोलतंय.

फॅमिली ग्रुपवर माझ्या धाकट्या भावानं पोस्ट टाकलीय. 'आत्यासाहेबांच्या नर्सिंगच्या पदवीमागे आमच्या वडिलांचा भक्कम पाठिंबा होता. प्राउड ऑफ बोथ.'

खाली सगळ्यांनी हात जोडलेत.

पाठिंबा! माझ्या बापाचा!

मी सत्तरी ओलांडलीय. आता मला कुणाच्या बापाची भीती नाही, स्वतःच्याही नाही. आत्यानं मला जे दहा वेळा सांगितलं, दर वेळी वेगळ्या शिव्या घालून, ते लिहिते.

आत्या म्हणजे हौसा. आष्ट्याजवळचं गाव, उसाची शेती, घरात मानपान भरपूर आणि अक्कल बेताची. अपवाद फक्त आजोबा. ते शाळामास्तर. त्यांनी पोरीला सांगलीला ठेवून मॅट्रिक केलं आणि वारले.

थोरला भाऊ, म्हणजे माझा बाप, तेव्हा इटलीत लढाईवर होता. अडवायला कुणी नाही तेवढ्यात आत्या एका मिशनच्या दवाखान्यात नर्सिंगच्या ट्रेनिंगला लागली.

दुसऱ्या महायुद्धाचे आमच्या घरावर एवढेच उपकार.

लढाई संपली. बाप हवालदार होऊन आला, मांडीत लोखंडाचा तुकडा घेऊन. रोज चावडीवर बसून सांगायचा, "मडमांनी वाचिवलं, गड्या. सिस्टर म्हंत्यात त्येस्नी. देवी हायत्या, देवी!"

गाव माना डोलवायचं.

त्याच सुमारास दिल्लीला नर्सिंगची विद्यापीठाची डिग्री नवीनच सुरू झाली होती. दवाखान्याच्या मेट्रननं आत्याला फॉर्म आणून दिला. सगळा भरून झाला. राहिली फक्त पालकाची सही.

ती सुट्टी काढून गावी आली.

बाप म्हणाला, "गडीमाणसांची अंगं पुसायला डिग्री लागती व्हय?"

"दादा, तुजं अंग पुसलं त्या पन कुनाच्या तरी भनीच हुत्या न्हवं?"

"त्या मडमा. त्येस्नी कुठली लाज?"

म्हणजे चावडीवर देवी आणि घरात निर्लज्ज. मधलं अंतर पन्नास पावलांचं.

फॉर्म त्यानं फाडला नाही, एवढं श्रेय देते. नुसता फेकला. आत्यानं तो उचलून पदरानं पुसला आणि परत गेली.

मग दिवाळीच्या तोंडावर बापाची मांडी पिकली. ताप, पू, वास. बैलगाडीत घालून त्याला त्याच दवाखान्यात नेलं. पुरुषांच्या वॉर्डात ड्यूटी कुणाची, तर आत्याची.

तिनं रोज जखम धुतली. बेडपॅन दिलं, उचललं. घाण झालेलं धोतर बदललं. लाज नसलेल्या बायका करतात ते सगळं माझ्या बापानं मुकाट करून घेतलं.

शेजारच्या खाटेवर म्हसवडकडचे एक मेंढपाळ होते, बिरूतात्या. पाय मोडलेला. त्यांनी बापाला विचारलं, "पावनं, ह्या बाई तुमच्यावर लय जीव लावत्यात. कोन तुमच्या?"

"कोन न्हाई. हितली नर्स हाय."

आत्या हातात गरम पाण्याचं भांडं घेऊन तिथंच उभी होती. तिनं ते ऐकलं आणि जखम धुवायला घेतली.

भाऊबीजेच्या सकाळी ती ताट घेऊन आली. निरांजन, कुंकू, अक्षता. पुढच्या आठवड्यात फॉर्मची मुदत संपत होती. तो घडी करून ताटातच ठेवलेला.

"दादा, दुसरी ओवाळणी नगं. हितं सही कर."

आमच्याकडं कितीही कंगाल भाऊ ओवाळणीला नाही म्हणत नाही. माझा बाप नाही म्हणाला. कूस बदलली आणि म्हणाला, "मी कुनाचा भाऊ न्हाई. जा हितनं."

सगळा वॉर्ड ऐकत होता. आत्या सांगायची, त्या क्षणी मेले असते तर बरं झालं असतं असं वाटलं.

बिरूतात्या उठून बसले. "आरं, भन हाय व्हय रं ही तुजी? येवडे दिस घान काडली तिनं तुजी, आन वळख द्याला लाजतूस?"

बापानं चादर तोंडावर ओढून घेतली.

"हिकडं ये, पोरी. मला ववाळ. मला भन न्हाई."

आत्यानं रडत रडत ओवाळलं.

"आता माज्याकडं घोंगडं हाय आन ह्यो अंगठा हाय. काय पायजे बोल."

मेट्रन दारात उभी होती. भारी कडक बाई, चादरीला सुरकुती चालायची नाही तिला. ती आत आली, टेबलावरची शाईची दौत घेतली आणि तात्यांच्या अंगठ्याला शाई लावली. मग विचारलं, "नातं काय लिहायचं?"

"भाऊ लिवा. आत्ताच ववाळलं न्हवं का तिनं, समद्यांदेकत?"

तिनं लिहिलं. खाली दवाखान्याचा शिक्का मारला.

हा आमच्या बापाचा भक्कम पाठिंबा.

आत्या दिल्लीला गेली, पदवी घेतली. पुढे एम.एस्सी. केलं आणि जन्मभर पदवीच्या मुलींना नर्सिंग शिकवलं. मलाही. तात्या होते तोवर दर भाऊबीजेला म्हसवडला जायची. आमच्या घरी कधीच नाही.

आली ती एकदाच, बाप शेवटचा आजारी पडला तेव्हा. पाठीला जखमा झाल्या होत्या आणि माझे सगळे प्राउड भाऊ नाकाला रुमाल लावून अंगणात उभे होते. साठी उलटलेल्या आत्यानं बाह्या सारल्या आणि महिनाभर त्याचं सगळं केलं.

मला संताप आला. म्हटलं, "आत्या, ह्या माणसाचं तू का करतेस?"

ती पाणी बदलत होती. म्हणाली, "पेशंट हाय गं त्यो."

भाऊ म्हणाली नाही.

आत्या, जा आता सुखानं. भाचीचा आणि तुझ्या विद्यार्थिनीचा शेवटचा नमस्कार.