गप्प मुलांची मापं

सहा आठवड्यांपूर्वी, भर ओपीडीत शाळेतून फोन आला. "साहेब, नसीमआपा गेल्या... हार्ट." आणि मला त्यांचाच एक जुना फोन आठवला, इतका आनंदाचा की आजही अंगावर काटा येतो. पण त्याआधीचं सांगायला हवं. आजवर सांगितलं नाही ते.

मी लहान मुलांचा मनोविकारतज्ज्ञ. आपा विशेष मुलांच्या शाळेत शिकवायच्या आणि वर्गाचे गणवेश स्वतःच शिवायच्या, कारण तयार कपड्यांची शिवण या पोरांना टोचते. वर्षातून दोनदा मापं घ्यायच्या. एका दिवाळीत मापांची वही घेऊन माझ्यासमोर बसल्या. "साहेब, पाच पोरांचं कमरेचं माप चार-चार बोटं वाढलंय. पाचही तुमचीच." मी हसलो. "आपा, डबे भारी असतील." "हौ, डब्यालाच बोला! अन् वर्गात डुलक्या घेतात ते? मैं लोरी गाती क्या?"

त्यातली एक पिशोरची वैष्णवी, नऊ वर्षांची. भिंतीवर डोकं आपटून रक्त काढायची, म्हणून मी अँटिसायकोटिक गोळी सुरू केली होती. तेव्हा ती गरजेचीच होती, आजही तसंच म्हणेन. चूक पुढची. दर महिन्याला कागदावर 'तेच चालू' लिहीत गेलो. या गोळीनं झोप येते, वजन आणि साखर वाढू शकते, तरी ना वजन पाहिलं, ना साखर. मग कुणी चिडतो, कुणी झोपत नाही, तर त्यांनाही तीच गोळी... हात सरावला. रांग मोठी, मुलं गप्प, आईबाप खूश. आपांनी नेमकं बोट ठेवलं तेव्हा मी काय केलं? मुख्याध्यापिकांना फोन करून म्हणालो, तुमच्या बाई उपचारात ढवळाढवळ करतात. आपांना पालकांशी औषधाबद्दल बोलायची बंदी झाली. तक्रार कुणी केली, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

जूनमध्ये त्या पुन्हा आल्या, नवी मापं घेऊन. या वेळी मी वैष्णवीची साखर तपासली. वाढलेली निघाली. रिपोर्ट मी आपांपुढं ठेवला. आणि आपा? एक शब्द लावून बोलल्या नाहीत. खुर्ची पुढं ओढून म्हणाल्या, "चला साहेब, आता कामाला लागू!" काय तो उत्साह! पोरगी कधी डोकं आपटते याची त्यांनी रोज नोंद ठेवली आणि आठवड्यात कारण सापडलं... शाळेची पितळी घंटा! घंटा बंद झाली. आपा दारात हिरवी ओढणी हलवून सुट्टी जाहीर करू लागल्या. मी डोस तपासून तपासून, कित्येक महिन्यांत उतरवत नेला आणि शेवटी गोळी बंद केली. आणि मग तो फोन. "सुनो साहब, सुनो!" पलीकडं, गोळीनं गप्प झालेली वैष्णवी एका खडूसाठी कुणाशी तरी कडाकडा भांडत होती. मी पेशंटसमोर उभा राहून हसत होतो!

शोकसभा त्यांच्याच वर्गात झाली. स्तब्धतेसाठी सगळे उभे राहिले आणि वैष्णवी ओरडली, "आपा कुठंय? आपाला बोलवा!" मग एकेक करत सगळा वर्गच ओरडू लागला, बाकं वाजू लागली. वैष्णवीची आई घाबरून माझ्याजवळ सरकली. "साहेब, गोळी परत चालू करावी लागंल का?"

"नाही ताई. हाका मारू द्या तिला."

त्या गलक्यात मीही मोठ्यानं बोललो, "आपा, तक्रार मी केली होती." कुणालाच ऐकू गेलं नाही. त्या खोलीत दोन मिनिटांची शांतता काही झालीच नाही.