अफूची गोळी आणि भागवतरांची कथा

आमच्या वॉर्डातला किस्सा कधी एकटा येत नाही. एक डायरीत लिहून पेन बंद करावं, तर दिवा मालवायच्या आत दुसरा हजर! मद्रासच्या एका इस्पितळात मी नर्स होतो. अफू, मॉर्फिन, पेथिडिन यांची सवय लागलेले लोक आमच्याकडे येत. कॉलेजात मी गेलो नाही. डॉक्टर रंगनाथन बोलत ते ऐकायचं आणि घरी येऊन लिहायचं, एवढंच माझं शिक्षण. पण माणसाच्या मेंदूइतकी अजब चीज मी दुसरी पाहिली नाही.

*

गोविंद भागवतर आमच्यासारखेच तंजावरी मराठी. हरिकथा करायचे. खोकल्यावर म्हणून कथेआधी अफूची गोळी घेऊ लागले आणि पुढे गोळीवाचून उभंच राहता येईना. त्यांना दाखल करताना बायको, कमलाबाई, डॉक्टरांना म्हणाल्या, "यांची अफू न्या, पण कथा नेऊ नका. दुसरं काही येत नाही यांना."

डॉक्टरांची पद्धत अशी की अफू कडू काढ्यात मिसळायची. रोज अफू कमी, काढा जास्त. रोग्याला पत्ता नाही. भागवतर घोट घेऊन म्हणायचे, "आजचं मिक्श्चर फर्स्टक्लास!"

एका सकाळी डॉक्टरांनी हसत हसत सांगून टाकलं, "भागवतर, गेला आठवडाभर यात नुसता काढा आहे!"

तासाभरात भागवतर दोन कांबळी पांघरून कुडकुडत होते. मद्रासच्या मे महिन्यात!

डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, "शरीराची अफू मी सोडवली होती. डोक्याची आत्ता सुटतेय."

*

त्याच वेळी एक सर्जन आमच्याकडे रोगी म्हणून होते. पेथिडिन टोचून घ्यायचे. बाकीच्यांना ते व्यसनावर इतकं सुंदर लेक्चर देत की आम्हीही कामं सोडून ऐकायचो.

एकदा त्यांचे हात फार थरथरू लागले. मला म्हणाले, "एक इंजेक्शन दे. पाण्याचं."

मी म्हटलं, "सर, तुम्हाला ठाऊक आहे ना, ते पाणीच असणार?"

"मला ठाऊक आहे रे. हातांना ठाऊक नाही!"

डॉक्टरांना विचारून दिलं. सुई टोचली, आणि हात थांबले. सर्जनसाहेब स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. मीही.

*

नुंगंबाक्कमचे एक चेट्टियार बरे होऊन घरी गेले. काही महिन्यांनी तब्येत दाखवायला आले. गाल वर आलेले, अंगात रेशमी जिब्बा. आम्ही खुशीत समोरच्या हॉटेलातून कॉफी मागवली. वेटर पेल्यातली कॉफी उंचावरून वाटीत ओतू लागला. तो आवाज झाला मात्र, चेट्टियारांना जांभयांवर जांभया! नाक गळायला लागलं, डोळ्यांतून पाणी. कॉफीला अजून हातसुद्धा लावला नव्हता!

कारण पूर्वी ते दुपारच्या कॉफीबरोबर गोळी घ्यायचे. "कान मेंदूला सांगतो, गोळी आली," डॉक्टर म्हणाले. "मेंदू तयारी करतो, आणि गोळी येत नाही. अफू कधीच गेली, वाट बघणं राहिलं. तुम्ही दुपारी ताक पीत जा."

चेट्टियार नाक पुसत म्हणाले, "कॉफी सोडू? अय्यो! त्यापेक्षा अफूच बरी!"

*

भागवतर बरे झाले. खोकला नाही, कुडकुडणं नाही. एका सकाळी त्यांनी सीतेची कथा म्हणायला तोंड उघडलं, आणि पुढे काहीच येईना. इतक्या वर्षांच्या साक्या, दिंड्या, सगळं पुसलेलं.

"अस्कं गेलं हो, अस्कं!" लहान मुलासारखे रडले. आमच्या तंजावरीत अस्कं म्हणजे सगळं.

सर्जन म्हणाले, "गेलं नाही. अफूत पाठ केलंय, अफूतच सापडेल. छोटी गोळी द्या, घडाघडा म्हणतील."

डॉक्टरांनाही हे खरं वाटत होतं. आम्ही सगळे कमलाबाईंकडे बघायला लागलो. वर्षानुवर्षं त्या नवऱ्यामागे बसून टाळ धरत आल्या होत्या.

"ते नको," त्या म्हणाल्या. "मला येतं अस्कं. नव्यानं शिकवते."

मग रोज व्हरांड्यात एकेक ओळ. काल आलेली आज जायची. कमलाबाई म्हणायच्या, "हं, पुन्हा."

डॉक्टर जाता-येता थांबायचे. म्हणायचे, "जुना रस्ता बंद. बाई रानातून नवा काढतायत."

*

पुढच्या रामनवमीला अड्यारमध्ये एका बंगल्याच्या आवारात मांडव होता. गोळीशिवायची पहिली कथा. डॉक्टर आणि मी पुढेच बसलो.

भागवतरांनी चिपळ्या वाजवल्या आणि लगेच जांभई दिली. ती त्यांनी रामनामात लपवली. सीता अशोकवनात पोचेपर्यंत डोळे वाहत होते, नाक वाहत होतं, आवाज कापत होता, उघड्या दंडांवर काटा फुललेला.

डॉक्टरांनी माझं मनगट दाबलं. "बघतोयस? सगळी लक्षणं आली. पडतील ते!" ते उठायलाच लागले. भागवतरांच्या मागून कमलाबाईंनी टाळ न थांबवता मान हलवली. नाही.

डॉक्टर बसले.

भागवतर पडले नाहीत. एक साकी चुकली नाही. आमच्या शेजारची म्हातारी पदरानं डोळे टिपत म्हणाली, "काय हे रोमांच! याला म्हणतात भक्ती!" आरती झाल्यावर लोक पाया पडायला रांगेनं उभे राहिले.

गर्दी ओसरल्यावर डॉक्टरांनी त्यांची नाडी धरली. हळूच म्हणाले, "भागवतर, ही भक्ती कसली होती, सांगू का लोकांना?"

भागवतरांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"सांगा की. पण आधी स्वतःचा हात बघा."

डॉक्टरांनी खाली पाहिलं. त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत काटा उभा होता.