तीन पस्तीसची पॅसेंजर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. चहा येईपर्यंत वेळ आहे. नंतर तुम्हालाच कळणार नाही, हसावं की माझ्या कानाखाली एक ओढावी. मी घोळ बरेच घातलेत आयुष्यात, पण हा असा घातलाय की त्या स्टेशनचं नावसुद्धा मी सांगणार नाही. होटगीच्या पुढचं एक छोटं स्टेशन, एवढंच धरा.

मला रेल्वेचं वेड आहे, हे तुम्ही जाणताच. सहा दिवस सोलापुरात चष्म्याच्या दुकानात बसून लोकांची नजर तपासायची आणि रविवारी उठून एखादी पॅसेंजर पकडायची. चिटपाखरू नसलेल्या स्टेशनवर उतरायचं, बाकावर बसून मालगाड्या बघायच्या, इंजिनांचे नंबर वहीत उतरवायचे आणि संध्याकाळी घरी. बायको म्हणते, "लोक गाडीनं कुठंतरी जातात. तुम्ही नुसतेच गाडीनं जाता." तिचं काय चुकलं?

तर एप्रिलमधला रविवार. ऊन असं की रुळांकडे बघवत नव्हतं. आमच्या वेड्यांच्या ग्रुपवर एकानं कळवलं होतं, त्या गावात एक निवृत्त गेटमन राहतो, त्याच्याकडे तीन रंगांचा जुना हातदिवा आहे. 'तुम्ही जा, मी सांगून ठेवतो, तो माणूस पाठवेल न्यायला.' मग काय! मी गेटमनसाठी एक छान सोलापुरी चादर घेतली, कागदात बांधली, गळ्यात कॅमेरा अडकवला आणि निघालो.

दीड वाजता उतरलो. माझ्याबरोबर अजून एकच माणूस उतरला. चाळिशीचा असेल. पांढरा शर्ट, छातीशी धरलेली एक प्लॅस्टिकची पिशवी. लिंबाखालच्या बाकावर तो टेकला, आणि मी त्याच्या शेजारी. ऐकायला माणूस मिळाला की मी सोडतो का?

त्याला मी सगळं सांगितलं. दुहेरी लाइन कधी झाली, विजेची इंजिनं कधी आली, सगळं. तो बिचारा मान हलवत होता आणि सारखा फाटकाकडे बघत होता. शेवटी त्यानं एकच विचारलं.

"काका, परत सोलापूरला जायला काय हाय?"

अहो, असा प्रश्न मला कुणी विचारला की माझी छाती फुगते!

"तीन पस्तीस! ती सोडलीस की संपलं. उद्या सकाळी पावणेसातपर्यंत इथून सुटका नाही."

"कायच न्हाई?"

"काहीच नाही. लिहून घे."

"मला रातपाळी हाय की. एमआयडीसीत, टॉवेलच्या मागावर."

"मग तीन पस्तीस चुकवूच नकोस बाबा. किती वाजता?"

"तीन पस्तीस," तो शाळेतल्यासारखं म्हणाला.

आता बघा. मी त्याला इंजिनात किती घोड्यांची ताकद असते तेही सांगितलं. पण एकदाही विचारलं नाही, की बाबा रे, तू आलास कशाला? कुणाकडे?

तो तोंड धुवायला फलाटाच्या दुसऱ्या टोकाला नळावर गेला. मी फाटकाबाहेर आलो, तर समोर मोटारसायकलवर एक पंचविशीचा पोरगा. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"सोलापूरहून आला का?"

"हो, हो!"

"बसा लवकर. सगळी तुमचीच वाट बघायलीत."

सगळी? माझी? माझ्या मनात आलं, गेटमननं चार लोक गोळा केलेले दिसतात. सोलापूरचा रेल्वेचा अभ्यासक येतोय म्हटल्यावर गाव काय गप्प बसेल? मी ऐटीत मागं बसलो.

नाव मल्लिनाथ, एवढंच म्हणाला. वाटेत रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी आली, आणि मी गाडीवरून उडी मारून फोटो काढायला पुढं! डबे मोजले. "अठ्ठावन्न!" मी ओरडलो. "मल्लिनाथ, अठ्ठावन्न!"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. मग हळूच म्हणाला, "पाव्हणं, पानी पिता का?"

घरासमोर मांडव. शंभरएक माणसं. आत टाळ वाजतायत, भजन चाललंय, दोघंतिघं फुलांचे हार घेऊन उभे. बायका मला बघून उठल्या. "बर्री, बर्री," म्हणजे कानडीत 'या, या' करत वाट मोकळी केली.

सत्कार! दुसरं काय असणार?

ओसरीवर भिंतीला टेकून एक म्हातारी बसलेली. नवं लुगडं नाही, पण गळ्यात हार, कपाळभर विभूती, डोळे मिटलेले. मला वाटलं, गेटमनची आई. तिच्या हातून सत्कार करायचा बेत असावा. मी लगबगीनं पुढं झालो, वाकलो आणि मोठ्यानं म्हणालो, "बसा, बसा! उठू नका!"

आणि पायाला हात लावला. गार.

सोलापुरात माझा जन्म गेला. लिंगायतांच्यात गेलेल्या माणसाला बसवून ठेवतात, हे मला माहीत नाही? आळीत दहा वेळा बघितलंय. पण डोक्यात हारतुरे शिरले की डोळ्यांचा काय उपयोग? म्हणे नजर तपासतो!

आणि माझं ते 'उठू नका' ऐकून सगळा मांडव हंबरडा फोडून रडायला लागला. एक म्हातारबाई माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आता उठतीया कुटली रं लेका! तुझी वाट बघून बघून गेली की!"

मी घाबरलो. पण काय समजलो, तर गेटमनच्या घरी नेमकं आज मयत झालंय, आणि तो भला माणूस दुःखातसुद्धा माझ्यासाठी गाडी पाठवायला विसरला नाही. आता अशा घरातून लगेच कसं निघायचं? माणुसकी म्हणून बसलो. तासभर बसलो! वर बसल्या जागी डोळेही पुसले. समोर एक थकलेले गृहस्थ होते, त्यांना सगळे अप्पा म्हणत होते. ते माझ्याकडे बघून नुसते हात जोडत होते, आणि मीही जोडत होतो.

सव्वातीनच्या सुमाराला जंगम स्वामी म्हणाले, "चला, आंघोळ घाला आता. माहेरचं लुगडं आणलंय न्हवं?"

अप्पांच्या बहिणीनं, म्हणजे मघाशी माझ्या गळ्यात पडलेल्या म्हातारबाईनं, माझ्या मांडीवरचं पुडकं उचललं. कागद सोडला. आतून निघाली सोलापुरी चादर. लालभडक, दोन मोर, कोपऱ्यात दुकानाचं लेबल.

भजन थांबलं.

"ही... चादर?" म्हातारबाई म्हणाली.

"गेटमनसाठी आणली होती," मी म्हणालो.

"कोन गेटमन?"

"म्हणजे... हे गेटमनचं घर नाही?"

मल्लिनाथ उठून उभा राहिला. "तुमी सिद्धाराम न्हाई?"

मग सगळं कळलं. गेली ती गंगव्वा, मल्लिनाथची आजी. माहेर सोलापूरचं. तीस वर्षांपूर्वी एका लग्नात मानपानावरून तिच्या भावाचं आणि नवऱ्याचं, म्हणजे अप्पांचं, वाजलं, ते कायमचं. भाऊ मेला तरी येणं-जाणं नाही. आता माहेरचा म्हणून एकच माणूस उरलेला, भाचा सिद्धाराम. आणि बाईची एकच इच्छा, जाताना अंगावर माहेरचं लुगडं पडावं. एका दुकानदाराकडून निरोप धाडला होता, आणि कुणालाच खात्री नव्हती तो येईल की नाही. म्हणून आदल्या रात्रीपासून, एवढ्या उन्हाळ्यात, तिला तशीच बसवून ठेवली होती. आणि आलो कोण, तर मी!

"पांढरा शर्ट?" मी विचारलं. "हातात पिशवी?"

"आमी बघितलंय कुटं त्याला!"

"तो आलाय. स्टेशनवर बसलाय. चल, पळ!"

मोटारसायकल अशी सुटली की मी देवाचं नाव घेतलं. मोबाइलवर तीन तेहतीस. पोचू, पोचू, म्हणेपर्यंत फाटक आडवं. बंद.

आणि समोरून तीन पस्तीसची पॅसेंजर आली.

आयुष्यभर मी ज्या गाड्या उशिरा येताना बघितल्या, त्यांतली ही एक आज वेळेवर. आमच्या नाकासमोरून एकेक डबा सरकत होता. मधल्या एका खिडकीत तो दिसला. पिशवी तशीच छातीशी. मल्लिनाथ बेंबीच्या देठापासून ओरडला, "सिद्धारामकाका! ओ काका!" त्यानं मान वळवली नाही. गाडी गेली.

आणि मी काय केलं असेल? सवय हो, सवय. तोंडातून आपोआप निघालं, "बारा."

मल्लिनाथ वळला. मला वाटलं, आता हा मला रुळावर आडवा करतो. पण तो मटकन खाली बसला.

"आल्ता. आलेला मानूस परत गेला," तो म्हणाला. "न्यायला कोनी आलं न्हाई, आजून राग हाय, असं वाटलं आसंल त्याला. पर येवडी कसली घाई? जरा थांबला आसता! फाट्यावरनं अर्ध्या तासाला एसटी हाय, वडापची जीप हाय. रातीपतूर हाय की!"

मी गळ्यातला कॅमेरा पाठीवर ढकलला.

"ह्या गाडीनंच का गेला, मला समजंना."

"मी सांगितलं त्याला," मी म्हणालो.

"काय?"

"की ही सोडली तर उद्या सकाळपर्यंत काहीच नाही."

"आन एसटी?"

एसटी माझ्या लक्षातच आली नव्हती! पन्नास वर्षांचा घोडा मी, पण वाहन म्हटलं की मला रूळ दिसतात. रस्ता नावाची गोष्ट जगात आहे, हे मी त्या माणसाला सांगायला विसरलो होतो.

निरोप देणाऱ्या दुकानदाराला फोन लावला. सोलापूरचा दुकानदार, दुपारचा झोपलेला. साडेपाचला उठला, तेव्हा सिद्धारामचा नंबर मिळाला. तोवर तो आपल्या खोलीवर पोचून डबा भरत होता. मल्लिनाथनं सगळं सांगितल्यावर पलीकडून डबा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग एवढंच, "निघालो. थांबवा आत्त्याला."

पण थांबवणार किती? खड्डा कधीचा खणून तयार होता. वास सुटला होता, तो उदबत्त्यांनी झाकेना. स्वामींनी दोनदा मावळतीकडे बघितलं. अप्पा फाट्याच्या रस्त्याकडे बघत बसले होते. शेवटी दिवस टेकायला आला, तेव्हा ते काठी धरून उठले आणि माझ्यापाशी आले. म्हटलं आता शिव्या घालतील. घालाव्यात, मला बरं वाटलं असतं.

"चादर सोलापूरची हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तिचं माहेर सोलापूरच. घाला तिच्या अंगावर."

घातली. लालभडक, दोन मोर. कुणी हसलं नाही. लेबल तेवढं मल्लिनाथनं दातांनी तोडलं. पहिली मूठ माहेरच्यानं टाकायची, म्हणून अप्पांनी मला पुढं केलं. मी टाकली. निम्मी माती माझ्याच पायावर पडली.

सगळं आटोपून लोक हात धूत होते, तेव्हा सिद्धाराम आला. फाट्यापासून पळत आला होता. घामानं भिजलेला, हातात तीच पिशवी. ताज्या मातीकडे बघितलं आणि कुणाला काही न विचारता पिशवीतून साडी काढली. हिरवी, साधी, घडी न मोडलेली. ती त्यानं मातीवर पसरली, चारी कोपऱ्यांना चार दगड ठेवले आणि तिथंच बसून राहिला. अप्पा त्याच्याजवळ गेले. अप्पांनी नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा तो रडला.

मला तिथून नाहीसं व्हायचं होतं. पण सांगणं भाग होतं. मी त्याच्यापुढं उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. हातदिवा, मोटारसायकल, चादर, एसटी. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं.

"गंगव्वाआत्त्या दिसत कशी हुती?" त्यानं विचारलं. "मी ल्हान होतो तवा बघितलेलं. तुमी बघितलंसा न्हवं?"

मी बघितलं होतं. तासभर बघितलं होतं. मी सांगितलं, कपाळ मोठं होतं, हनुवटीवर गोंदण होतं. आणखी काही आठवेना. इंजिनाचा पाच आकडी नंबर मी झोपेत सांगेन, पण ती बाई मला धड आठवेना.

तो उठला. तोंड पुसलं. आम्ही दोघं रस्त्याकडे चालायला लागलो. थोडं गेल्यावर त्यानं विचारलं. रागानं नाही हो, सहज, मघाच्यासारखंच.

"काका, आता सोलापूरला जायला काय हाय?"

आणि मी म्हणालो, "मला नाही रे माहीत. कुणालातरी विचारू या."