शाळेची सरासरी खाली आणणारे गुरुजी

श्री. नेरूरकर गुरुजींची आणि माझी पहिली ओळख मालवणच्या बाजारात, सुक्या बांगड्यांच्या टोपलीपाशी झाली. गिऱ्हाईक नव्हते म्हणून मी पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले एक पान वाचीत बसले होते. समोर कोणी येऊन उभे राहिले हे मला कळलेच नाही.

"वाचतंस?" गुरुजींनी विचारले.

"होय."

"शिकयला कोणी?"

"रद्दीन," मी म्हटले. माझी शाळा दुसरीतच सुटली होती, तेव्हा दुसऱ्या कोणाचे नाव घेण्यासारखे नव्हते.

गुरुजी हसले. बांगडे पिशवीत टाकीत म्हणाले, "ह्या पानाचा मागचा-पुढचा वाचूचा आसा तर शाळेत ये. सातवीच्या फायनलाक बस. पास झालंस तर मास्तरीण होतलंस."

हे पन्नास सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतले. त्या दिवशी मला विधवा होऊन दोन महिने झाले होते. आमचे हे तापाने आठ दिवसांत गेले. वय चौतीस. ते रापणीवर होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचे मोठे जाळे; जी मासळी येते तिचे वाळूवर सारखे वाटे घालतात. आमच्या वाडीची रीत अशी की रापणीवरचा माणूस गेला तरी त्याचा वाटा वर्षभर त्याच्या घरी पोचतो. वर्ष सरले की बंद. त्यानंतर मी मुंबईला दिरांकडे जाऊन त्यांचा स्वयंपाक सांभाळावा, असे घरात ठरले होते. सासूबाई इथेच एकट्या राहणार होत्या. दुसऱ्याच्या चुलीपाशी जाऊन उभे राहायचे की सातवी पास होऊन आपल्या दारात राहायचे, हे ठरवायला माझ्या हातात दहा महिने होते.

मी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांबरोबर बाकावर बसू लागले. लोकांनी बोलू नये म्हणून गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकी, सूप घेऊन वर्गाच्या दाराशी तांदूळ निवडीत बसत. लोक बोलायचे ते बोललेच. काकींनी तांदूळ निवडणे सोडले नाही.

मराठी, इतिहास मला जमत होते. गणितात मी सरासरीपाशी अडले. जुन्या प्रश्नपत्रिकेतले एक उदाहरण गुरुजींनी फळ्यावर लिहिले. पाच माणसांत आंबे वाटले असता प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी चोवीस येतात. एक माणूस निघून गेला. तेच आंबे उरलेल्यांत वाटले, तर प्रत्येकी सरासरी किती? मी पाटीवर चोवीस लिहिले. मुलांनी पाटी पाहिली आणि वर्ग हसला.

"गप ऱ्हवा रे," गुरुजी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाय, एक माणूस कमी झालो. तरी चोवीसच कशे?"

"माणूस गेलो. त्याचो वाटो खंय गेलो?" मी म्हटले. "वाटे पाचच ऱ्हवतले."

वर्ग पुन्हा हसणार होता, पण गुरुजींचा चेहरा पाहून थांबला.  ते खडू खाली ठेवून म्हणाले, "आमच्या वाळयेर तुझा बरोबर आसा. माका तर ताच बरा वाटता. पण पेपर काढणारो आमच्या वाडयेतलो न्हय. त्याच्या कागदार माणूस गेलो काय वाटो पण गेलो. एकशेवीस आंबे, चार माणसां, तीस. तू वाळयेर पाच धर, कागदार चार धर. दोन्ही ध्यानात ठेव."

माझे उत्तर चुकीचे आहे, असे ते म्हणाले नाहीत. ते कुठे बरोबर आणि कुठे चूक, हे त्यांनी सांगितले. एवढ्या वर्षांत मी अनेक शिक्षक पाहिले. हा भेद करणारे फार थोडे.

पुढच्या रविवारी ते आम्हा सगळ्यांना घेऊन रापणीवर गेले. वाटे घालणारे म्हातारे मासळी मोजत नाहीत. मोठ्या ढिगातली उचलून लहान ढिगात टाकतात, सगळे ढीग नजरेला सारखे होईपर्यंत. "हीच सरासरी," गुरुजी म्हणाले. तिथेच ओल्या वाळूवर काठीने त्यांनी पाच मुलांचे गुण लिहिले: शेचाळीस, बावन्न, एकोणपन्नास, सत्तावन्न, एक्कावन्न. "बेरीज करू नकात. पन्नास धरा. कोण कितको वर, कोण कितको खाली?" खाली पाच, वर दहा. पाच उरले, पाच जणांत एकेक. सरासरी एक्कावन्न. त्या दिवसापासून मला बेरजेची भीती राहिली नाही.

परीक्षेचे फॉर्म पाठवायची वेळ आली, तेव्हा शाळा समितीचे अध्यक्ष वर्गात आले. गेल्या वर्षी शेजारच्या शाळेची गणिताची सरासरी आमच्यापेक्षा वर होती, आणि ते त्यांना झोंबले होते. त्यांनी यादीतल्या तीन नावांवर बोट ठेवले. दोन मुले कच्ची होती. तिसरे नाव माझे.

"गुरुजी, ही तीन नावां काढा. सरासरी आपसूक वर जाता."

"जाता," गुरुजी म्हणाले. "पण त्यान कोणाचो एक तरी मार्क वाढता काय, तेवढा सांगा."

"मार्काचा कोण इचारता? शाळेचा नाव आसा."

"मग अध्यक्षानु, तुमका काढलां तर कमिटीच्या वयाची सरासरी धा वर्सांनी उतरतली. म्हणान कमिटी तरणी झाली?"

मुलांनी पुस्तके तोंडावर धरली. दाराशी काकींचे सूप थांबले. अध्यक्ष म्हणाले, "ह्या तुमका जड जातला, गुरुजी."

"जांव दे. नावां जातली."

तिन्ही नावे फॉर्मांबरोबर परीक्षेसाठी गेली. परीक्षेला रत्नागिरीच्या बाजूने आलेला पेपर होता, आणि त्यात पाच माणसांतला एक वजा होणारे उदाहरण होते. मी चारांनी भागले. चार लिहिताना हात थांबला. पण लिहिले.

मला गणितात शंभरपैकी अडतीस गुण मिळाले. पास व्हायला पस्तीस लागत. आम्हा तिघांपैकी एक मुलगा नापास झाला, दुसरा माझ्यासारखाच काठावर सुटला. शाळेची सरासरी त्या वर्षी उतरली. ती खाली ओढणाऱ्यांत मी आहे, आणि मला त्याची लाज नाही. माझे नाव गाळले असते तर सरासरी राहिली असती आणि मी मुंबईला गेले असते.

पुढच्या जूनमध्ये गुरुजींची बदली आंबोलीला झाली. ऐन पावसात, घाटावर, काकींच्या दम्यासह. बदली कोणी घडवली हे सगळ्यांना ठाऊक होते. गुरुजींनी अर्ज केला नाही, कोणाच्या दारात गेले नाहीत. तिथून ते मला दर महिन्याला एक कार्ड पाठवीत. कार्डावर एक उदाहरण असे, आणि उलट टपाली उत्तर गेले नाही तर पुढच्या कार्डावर तेच पुन्हा. एकदा त्यांनी लिहिले होते, "इथे पावसाची सरासरी काढायला बसलो होतो. वहीच वाहून गेली." ट्रेनिंग संपवून मला तारकर्लीच्या शाळेत नेमणूक मिळाली, तोपर्यंत अशी कार्डे येत राहिली. सासूबाई शेवटपर्यंत माझ्याजवळ होत्या.

आज गुरुजींना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, आणि त्यांच्या गौरवासाठी समिती झाली आहे. त्या समितीचे अध्यक्ष आणि त्या वेळचे शाळा समितीचे अध्यक्ष एकच गृहस्थ आहेत. त्यांच्या हातून गुरुजींना शाल दिली जाणार आहे. माझे त्यांच्याशी वैर नाही, पण हार घातल्याने जुने विसरले जाते असे मी मानत नाही. या गौरव अंकाच्या संपादकांना माझी विनंती आहे की हा परिच्छेद गाळायचा असेल तर पूर्ण लेखच गाळावा.

मी स्वतः आता बारा वर्षे मुले परीक्षेला पाठवते. कच्च्या मुलांची नावे काढा, असे मलाही दोनदा सांगितले गेले. दोन्ही वेळा मी नकार दिला. गुरुजींकडून मी दुसरे काय शिकले असेन ते असो, एवढे नक्की शिकले.

माणसाच्या आयुष्याचीही कोणी सरासरी काढतात, असे वाचनात येते. आमच्या घरातून एक माणूस चौतिसाव्या वर्षी गेला, म्हणजे ती आम्हीही खाली ओढली आहे. गुरुजींनी ती वर न्यावी. त्यांनी निरोगी शरीराने, काकींच्या सोबतीने, इतकी वर्षे जगावे की सरासरी मांडणाऱ्याला त्यांचा आकडा अडचणीचा वाटावा, आणि तरीही तो गाळण्याची हिंमत त्याला होऊ नये.