विसाव्याजवळची बाज

मी दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत होतो म्हटलं की नातवंडं लगेच विचारतात, आजोबा, किती मारले? एकही नाही रे बाबांनो. मी पुण्याच्या छावणीत पत्र्याच्या एका खोलीत बसायचो आणि फोटो बघायचो. विमानातून, सरळ खाली तोंड करून काढलेले फोटो. ड्रॉइंगचा हात बरा होता, नजर चांगली होती, म्हणून मॅट्रिकनंतर मला तिथं घेतलं. शत्रूच्या मुलखावरून विमान फिरून आलं की त्याला काय दिसलं ते आम्ही कागदावरून ओळखायचं. पूल कुठं, तोफ कुठं, झाडीत लपवलेल्या गाड्या कुठं. हसायचं तर खुशाल हसा. त्या टेबलाशी मला जी भीती वाटली ती बंदूक घेऊन हिंडणाऱ्यांना कधी वाटली असेल असं मला नाही वाटत.

वरून बघितलं की जगाला तोंड नसतं. माणूस म्हणजे एक ठिपका आणि त्याला चिकटलेली सावली. आवाज तर नाहीच. बाजार भरलाय, लोक एकमेकांच्या नावानं बोंबलताहेत, आणि तुमच्यापुढं नुसता करडा, गप्प कागद. आम्ही लागोपाठ काढलेले दोन फोटो शेजारी शेजारी ठेवायचो आणि वर चार पायांचं दोन भिंगांचं यंत्र मांडायचो. एका डोळ्याला एक फोटो, दुसऱ्याला दुसरा. जरा नजर बसली की जमीन एकदम वर यायची, झाडं उभी राहायची, घरांना उंची यायची. जे जागचं हललं नाही ते घट्ट दिसायचं. पण दोन फोटोंच्या मधल्या वेळात जो कुणी चालला असेल तो एकाच डोळ्याला दिसायचा, दुसऱ्याला नाही. मग तो लुकलुकायचा. आहे, नाही, आहे, नाही. आमच्यात एक मद्रासी गडी होता, तो अशांना सरळ भुतं म्हणायचा. आज भुतं फार निघाली म्हणायचा आणि चहा प्यायला जायचा.

खऱ्या कामाच्या आधी सरावासाठी आपल्याच मुलखाचे फोटो मिळायचे. त्या उन्हाळ्यात विमानं घाटातल्या रेल्वेवरून आणि भिवपुरीच्या वीजघरावरून फिरत होती. डोंगरावरून उतरणारे मोठे पाइप मातकट हिरवे रंगवले होते, ते वरून ओळखू येतात का ते आम्ही सांगायचं. एका दुपारी माझ्या टेबलावर गठ्ठा आला आणि तिसऱ्याच फोटोत आमची वाडी निघाली.

मी वेडाच झालो हो. ती आमची विहीर, ती पेंढ्याची उडवी, ते खळं. शेतांच्या कोपऱ्यांत काळे चौकोन दिसत होते, ते राब. पाऊस लागायच्या आधी आमच्याकडं रोपाची जमीन पालापाचोळा आणि शेण घालून भाजतात, त्याची ती राख. मद्रासी गड्याला ते काळे चौकोन म्हणजे दारूगोळ्याचे साठे वाटले होते. मी त्याला चांगलं सुनावलं. माझ्या बापाच्या शेतात कसला दारूगोळा रे, म्हटलं.

मग हसू ओसरलं. आपल्याच घराच्या छपराकडं असं वरून, चोरून बघणं मला जड जायला लागलं. फोटो सकाळचा होता, सावल्या लांब होत्या. वाडीतल्या प्रत्येक छपरातून धुराचा फिकट पट्टा निघत होता. आमच्या छपरातून काहीच नाही. आई पहाटे उठून चूल पेटवायची ती दुपारपर्यंत विझू द्यायची नाही. आणि आमच्या अंगणात ठिपके जमले होते. बायका असणार, दाटीनं उभ्या होत्या.

अंगणापासून मी वाटेवर बोट फिरवलं. वाडीची वाट एका जांभळीपाशी येते आणि तिथं फुटते. एक नदीकडं जाते, मसणवटीत. दुसरी कर्जतला, स्टेशनकडं. फाट्यावर एक सपाट धोंडा आहे. प्रेत नेताना तिरडी तिथं एकदा खाली टेकवतात आणि खांदेकरी बदलतात. आम्ही त्या जागेला विसावा म्हणतो. जित्या माणसाचं ओझंसुद्धा तिथं कुणी उतरवत नाही, लाकडाची मोळी घेऊन बाई आली तरी ती चार पावलं पुढं जाऊन दम खाते.

त्या धोंड्याशी एक लांबट पांढरा तुकडा होता आणि भोवती माणसं.

आमच्या घरात दोघंच होती, आई आणि बा. दोघांतलं एक त्या पांढऱ्याखाली होतं. कोण, ते फोटो सांगत नव्हता. मला माझीच लाज वाटत होती, कारण मी मनात निवड करायला लागलो होतो. देवा, हा नको, ती नको, असं करत मी दुसरा फोटो काढून शेजारी ठेवला आणि यंत्राला डोळे लावले.

जमीन वर आली. जांभूळ उभी राहिली. धोंड्याशी तो पांढरा तुकडा घट्ट, जागच्या जागी. आणि भोवतीची सगळी माणसं लुकलुकत होती. मी एक डोळा मिटला, माणसं दिसली. दुसरा मिटला, एकही नाही. काही क्षणांत सगळी नाहीशी झाली होती आणि वाटेवर ते एकटंच पडलं होतं. आमच्याकडं मढ्याला कुणी एकटं सोडत नाही हो. घरात असेपर्यंत उशाशी दिवा आणि माणूस लागतं, वाटेत तर प्रश्नच नाही. मग हे कसलं प्रेत आणि ही कसली माणसं? दुसऱ्या फोटोत त्या तुकड्याच्या कडेला एक बारीक फिकट रेघ होती, ती पहिल्यात नव्हती. तिसरा फोटो शोधला तर विमान रुळांकडं वळलं होतं, विसावा कागदाच्या बाहेर गेला होता.

मी साहेबाकडं गेलो. गोरा माणूस, कमी बोलणारा. त्यानं भिंग लावून पुष्कळ वेळ बघितलं, मग विचारलं, तुझं घर कुठलं? मी बोट ठेवलं. रेघ कसली म्हणून मी विचारलं तर म्हणाला, काचेवर केस अडकला असेल, होतं असं. रजा त्यानं लगेच दिली. पण दारापर्यंत येऊन बजावलं की या फोटोंचा शब्द घरात निघता कामा नये, तुला काही दिसलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघालो. गाडी घाट उतरत होती, ठाकुरवाडी गेली, खाली उन्हात आमचा सगळा मुलूख पसरला होता, आणि मी खिडकीतून वर आभाळाकडं बघत होतो. कर्जतला उतरून तसाच चालत सुटलो. विसाव्याशी आलो तर तिथं काहीच नव्हतं. जांभळीखाली एक पायताण पडलं होतं, एकच. पळताना पायातून निसटावं तसं उलटं. मी धोंड्याशी, ते पांढरं जिथं होतं बरोबर तिथं उभा राहिलो आणि मान वर केली. कुणीतरी वरून बघतंय असं वाटत राहिलं. घामानं निथळत होतो तरी थंडी वाजली, खरं सांगतो.

बांधावरून आमचं अंगण दिसलं. पायरीवर माझ्याकडं पाठ करून एक माणूस बसला होता, डोकं चकचकीत भादरलेलं. पोरगा दूर, म्हणून अग्नी त्यानंच दिला असणार. बा होता. म्हणजे आई गेली.

मी तिथंच बांधावर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

अंगणात शिरलो तसा बायकांनी हंबरडा फोडला. आणि मग एकदम गप्प झाल्या. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. चुलतभाऊ मला तार करायला मी पोहोचलो त्याच सकाळी कर्जतला गेला होता आणि अजून परतलाही नव्हता. मग हा आला कसा? चुलतीनं पुढं होऊन विचारलं, तुला कोनी सांगितलं रं? मी काय सांगणार? तोंडाला साहेबानं कुलूप घातलेलं. कुणी नाही, म्हटलं, असंच यावंसं वाटलं. चुलती हळूच मागं सरली आणि कुणाला तरी म्हणाली, तिनंच जाऊन सांगितलं असंल. मग माझ्या हातावर पाणी घालताना ती माझ्या डोळ्यांत बघेना. ज्या अंगणात मी रांगलो तिथं बायका पदर सावरून माझ्या सावलीतून बाजूला होत होत्या. मलाही क्षणभर वाटलं की मीच मेलोय आणि ह्या सगळ्या जित्या आहेत.

बा मात्र उठला नाही. दुपारी माणसं पांगली तेव्हा मी त्याच्याशेजारी बसलो. जेवलास का विचारलं तर मान हलवली. चुलती म्हणाली, त्या दिवसापासून नुसतं पाणी घेतोय. मग त्यानं आपणहून बोलायला सुरुवात केली, माझ्याकडं न बघता.

आई राबासाठी पाला उचलायला गेली होती, तिथं तिला पान लागलं. आमच्याकडं साप चावला असं म्हणत नाहीत. चौघांनी बाजेला दांडे बांधले, ऊन लागू नये म्हणून तिच्यावर धोतर टाकलं आणि कर्जतच्या दवाखान्याकडं धावत सुटले. वाटेत ती बोलत होती, गुरांना पाणी दाखवा म्हणाली. जांभळीच्या अलीकडं तिचं बोलणं बंद झालं. आणि तेवढ्यात विमान आलं. वाडीत दवंडी फिरली होती, विमान दिसलं की उघड्यावर राहायचं नाही, झाडाखाली पळायचं, वीजघराजवळ आहात, बाँब पडेल. आणि हे विमान डोंगराच्या कुशीतून एकदम निघालं, पार झाडाच्या शेंड्याला लागतंय असं खाली. चुलतभाऊ ओरडला, बाज टेकली आणि सगळे जांभळीखाली.

"विसाव्यावर ठेवली रं तिला," बा म्हणाला. "जित्या माणसाला कोनी तिथं टेकवतं का? आनि मी पन पळालो. मी तिचा नवरा."

मला त्याचा हातही धरवेना. तो पुढं सांगत होता. विमान गेलं आणि ते परत आले तेव्हा आई आभाळाकडं बघत होती, डोळे उघडे, आणि संपली होती. ती कधी गेली हे कुणालाच माहीत नाही. बाज टेकली तेव्हाच गेली होती, की ते झाडाखाली दडले असताना एकटी उन्हात पडून गेली? दोन दिवस त्याच्या डोक्यात तेवढं एकच घुमत होतं. बायको गेली त्याचं रडणं त्याला अजून आलंच नव्हतं.

मग तो जरासा हसला, तेही मला बघवलं नाही. म्हणाला, तुझी आई येडीच व्हती. तू लढाईवर गेलास तवापासून इमान दिसलं की हातातलं टाकून अंगणात जायची अन् हात वर करून हालवायची. आमी झाडाखाली पळायचो आनि ही उघड्यावर उभी. म्हणायची, वर आपला पोर हाय, त्याला दिसू दे. किती शिव्या घातल्या मी तिला.

नजर मी सरकारी खर्चानं कमावलेली होती. काचेवर केस अडकला तर फोटोत त्याची रेघ येते, पण त्याला सावली नसते. त्या रेघेला होती. धोंड्यावर पडलेली, नखाएवढीही नाही, पण होती. मला ती टेबलाशीच दिसली होती आणि साहेब केस म्हणाला तेव्हा मी सुटल्यासारखा हो म्हणालो होतो. आई जिवंत होती. माणसं पळाली, वाटेवर ती एकटी राहिली, आणि तिनं धोतराबाहेर हात काढून वर केला.

बानं पहिल्यांदा माझ्याकडं तोंड फिरवलं. डोळे लाल झाले होते.

"ती आदीच गेली असंल, नाय रं?"

साहेबाची ताकीद मला त्या वेळी आठवलीसुद्धा नाही. मला एवढंच कळत होतं की माझ्याकडं जे आहे ते ह्याला दिलं तर हा उद्याचा दिवस बघणार नाही. आणि त्याला न देता ते माझ्याकडं ठेवायचं तर जन्मभर एकट्यानं ठेवावं लागेल.

"व्हय बा," मी म्हणालो. "आदीच गेली व्हती."

त्यानं पुष्कळ वेळ मान हलवली. मग त्याला रडू फुटलं, मोठ्यानं, चुलती आतून धावत आली. संध्याकाळी तिनं पेज आणली ती त्यानं माझ्या हातून खाल्ली.