गुटीचा वास

"दार लोटून घ्या," असं मॅडम म्हणाल्या तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी वेगळं आहे. तिसरा महिना होता. गरोदर बाईच्या रक्ताच्या तपासण्या होतात, त्यातलीच एक एचआयव्हीची. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात त्यासाठी वेगळी खोली आहे, तिथे समजावून सांगायला ह्या मॅडम बसतात. त्यांनी आधी माझं जेवण झालंय का ते विचारलं. मला रागच आला. म्हटलं, जेवणाचं राहू द्या, काय आलंय ते सांगा.

"पॉझिटिव्ह आहे. खात्री करून घेतली, तेच आलं."

मी पहिलं विचारलं ते पोटातल्या जिवाचं. स्वतःचं नंतर सुचलं.

मॅडमनी समजावलं, आजपासून रोज एक गोळी, ठरल्या वेळेला, जन्मभर. ह्या औषधांना एआरटी म्हणतात, ती विषाणूला वाढू देत नाहीत. रक्तात विषाणू किती आहेत त्या मोजणीला व्हायरल लोड म्हणतात. तो अगदी खाली राहिला तर बाळाला लागण व्हायची शक्यता फार कमी होते. "फार कमी म्हणजे होणारच नाही ना?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तसं म्हणणार नाही. पण गोळी चुकवू नका."

दुसऱ्या दिवशी ह्यांना नेलं. हे घोडेगावच्या बाजाराला गुरांचा टेम्पो चालवतात. ह्यांचाही तोच रिपोर्ट. कुणाकडून कुणाला आला यावर आम्ही चार दिवस भांडलो. मग दमलो, कारण गोळी दोघांनाही तीच घ्यायची होती.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, काही सांगायचं नाही एवढ्यावर मात्र आमचं पटलं. गोळ्यांची बाटली मी खोबऱ्याच्या डब्यात तळाशी ठेवायची आणि दिवाबत्ती झाली की गोळी घ्यायची. रक्त कमी आहे म्हणून गोळी, असं त्यांना सांगून टाकलं. इथेच मी चुकले.

मुलगी झाली. स्वरा. तिला पहिल्या दिवसापासून नेव्हिरॅपिनचे थेंब सुरू झाले, लागण होऊ नये म्हणून बाळाला देतात ते पातळ औषध. डॉक्टरांनी बजावलं, सहा महिने नुसतं अंगावरचं दूध. पाणी नाही, मध नाही, गुटी नाही. दुसरं काही पोटात गेलं की आतड्याचं कोवळं अस्तर दुखावतं आणि दुधातल्या विषाणूला वाट मिळते.

आता आमच्याकडे गुटीला नाही कोण म्हणणार? जायफळ, वेखंड, मुरुडशेंग सहाणेवर उगाळून आत्याबाईंनी अर्ध्या गल्लीची पोरं वाढवलेली. मी म्हटलं, डॉक्टर नको म्हणालेत. त्या म्हणाल्या, "डाक्टरनी किती लेकरं वाढवली, इचार त्याला." खरं सांगायचं नव्हतं, म्हणून मी विषय तिथेच सोडला.

विसाव्या दिवशी न्हाऊन आले, पोरीला उचललं, तर तिच्या तोंडाला जायफळाचा वास. कोपऱ्यात सहाण ओली होती.

"किती दिस देताय?"

"झाले बारा दिस. बघ की, कशी निवांत झोपती."

मी सहाण उचलली आणि अंगणात भिरकावली. तशीच ओल्या केसांनी, पोरीला पोटाशी धरून दवाखाना गाठला.

डॉक्टर रागावले नाहीत. "गुटी आजपासून बंद, थेंब चालू. घाबरून अंगावरचं दूध तोडू नका, वरचंही देऊ नका. तुमचा व्हायरल लोड खाली आहे, ही चांगली गोष्ट. बाकी तपासणीत कळेल." मी निघाले तेव्हा म्हणाले, "घरात खरं सांगा. कारण कळलं नाही की माणूस आपल्या मनाचं करतो."

घरी आले तर आत्याबाई शेंगा फोडत बसलेल्या. मी सगळं सांगून टाकलं. कुणाचं, कुठून, काहीच त्यांनी विचारलं नाही. आपल्या बोटाकडे बघत एवढंच म्हणाल्या, "म्या ह्याच बोटानं चाटवली गं."

आजार बोटात नसतो, मी परोपरीनं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

सहाव्या आठवड्यात टाचेला टोचून रक्ताचे थेंब एका कार्डावर घेतले आणि बाहेरगावी पाठवले. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पोरगी शिंकली तरी मी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघायची. ह्यांचं जेवण तुटलं. आणि रोज सात वाजता आत्याबाईंची हाक यायची, "सुरेखा, गोळी." कुणी बाई मधाचं बोट लावायला आली की तिला दारातूनच वाटेला लावायच्या.

पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला. पण दूध चालू होतं, म्हणून सहाव्या महिन्यात पुन्हा तपासणी, मग वर्षाची झाल्यावर, आणि दर वेळी तीच धाकधूक. सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू झालं, वर्षाने अंगावरचं दूध तोडलं. आत्याबाई भात भरवायच्या तो चमच्यानेच. बोट कधी पोरीच्या तोंडाला लागू दिलं नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर गोळी लपवा हवी तर, पण बाळाला हाताळणाऱ्या माणसापासून कारण लपवू नका. मी लपवलं आणि बारा दिवस माझी लेक धोक्यात राहिली. त्या मॅडमचे, डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण मला सांभाळलं ते सातच्या हाकेनं.

अठराव्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, "निगेटिव्ह. आता पुन्हा आणायची गरज नाही."

बाहेर बाकावर आत्याबाईंनी पिशवीतून केळं काढलं, चमचाही काढला. मग चमचा परत ठेवला. नळावर जाऊन कितीतरी वेळ हात धुतले. आल्या, केळं बोटांनी कुस्करलं आणि पोरीच्या तोंडात घास दिला. स्वराने बोटच धरलं दातात.

"चावली गं," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. बोट मात्र काढून घेतलं नाही.